नवरदेवाच्या खुर्चीतला रावण

"रावणाला नवरदेवाच्या खुर्चीत कुणी बसवलं?"

"म्या बसवला. नवरीच्या खुर्चीत मावंना त्यो."

"मग हरकत नाही. फक्त हार घालू नका. लोकांचा गैरसमज होतो."

जिन्याखालच्या काउंटरमागे बसून मी हे ऐकत होते. विचारणारे शिरसाठकाका, आमच्या मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक. उत्तर देणाऱ्या हिरामावशी, मुखवटे करणाऱ्या. दोघांच्याही आवाजात नवल असं काही नव्हतं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे नवल वाटणं बंदच झालं होतं. मी मान वर करून मंचाकडे पाहिलं. लाल मखमलीच्या सिंहासनावर बांबूच्या कामट्यांचा एक रुंद सांगाडा बसला होता, त्याला दहा माना होत्या, आणि डोकी अजून व्हायची होती. मी पुन्हा मान खाली घातली. काउंटरची ती जागा शाळेपासून माझी होती. तिथून सगळं ऐकू येई आणि मी मात्र कुणाला दिसत नसे. माझ्यासारख्या मुलीला याहून चांगली जागा त्या इमारतीत नव्हती.

कार्यालय बाबांचं. घर वरच्या मजल्यावर, त्यामुळे माझं सगळं लहानपण दुसऱ्यांच्या लग्नांवर गेलं. मी सनईवर उठले, मंगलाष्टकांवर अभ्यास केला, आणि दुपारी वाढप्यांच्या "मठ्ठा, मठ्ठा"च्या आरोळीवर झोपले. दर लग्नात शिरसाठकाका माइक माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "आमच्या केतकीताई आता दोन शब्द बोलतील." केतकीताई कधीच बोलल्या नाहीत. शाळेत मी बोलायचे, कारण तिथे इंग्रजीत बोलावं लागे, आणि इंग्रजीत बोललेलं मला माझं स्वतःचं वाटत नसे. कुणीतरी दिलेलं परत केल्यासारखं वाटे. मराठीत बोललं की ते आपलंच असतं, मग लपायला जागा राहत नाही. म्हणून घरी मी मान हलवून भागवत असे. बाबांचं उलट होतं. त्यांना नाही म्हणता येत नसे. कुणी काहीही मागितलं की ते म्हणत, "होऊन जाईल." बापलेकीत मिळून एक धड नकार आमच्या घरात कधी तयार झाला नाही.

चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढी एकादशी झाली की कार्यालयाला कुलूप लागे, गाद्या वर जात, भांडी कल्हईला जात, आणि आई महिनाभर पुन्हा पुन्हा म्हणे, "काय शांत वाटतंय." त्या वर्षी श्रावणात नदी चढली. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हे आमच्याकडचं पूर मोजायचं माप. गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे फोटो काढायला जायचं, कमरेपर्यंत म्हणजे दुकानं आवरायची. त्या दिवशी मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं आणि मग मारुतीच दिसेनासा झाला. पाणी उतरलं तेव्हा काठच्या गल्ल्यांमधल्या कारागिरांच्या खोल्यांत गाळ तेवढा उरला होता. एका संस्थेची गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी बाबांना भेटायला आली. तुळशीच्या लग्नापर्यंत हॉल रिकामाच असतो ना, मग कारागिरांना एकत्र बसून काम करायला द्याल का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, "होऊन जाईल." तिने 'सामायिक कलाकार्यशाळा' असा फलक करायला सांगितला. शिरसाठकाकांनी तो नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडून करून आणला. वर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये 'सामायिक कलाकार्यशाळा', आणि खाली 'आपली उपस्थिती हाच आमचा सन्मान'. फ्लेक्सवाल्याकडे दुसरा साचा नव्हता. शिरसाठकाकांकडे तरी कुठे होता?

मला वाटतं, पुढचा सगळा गोंधळ त्यामुळेच झाला. काकांना लग्न सोडून दुसरं काहीही चालवता येत नव्हतं. मंचाच्या डावीकडे एक खोली, उजवीकडे एक, दोन्ही दारांवर पितळी पाट्या स्क्रूने पक्क्या केलेल्या: 'वरपक्ष' आणि 'वधूपक्ष'. वरपक्षाच्या खोलीत नाना तांबट आले, हंडे-घागरी ठोकणारे. वधूपक्षाच्या खोलीत उत्तमराव, तबले आणि ढोलक्या मढवणारे. दोघंही साठीच्या पुढचे आणि एकाच गल्लीतले. दोघांचा सासुरवाडीच्या नातेवाइकांशी आलेला संबंध केव्हाच जुना झाला होता. पण पाटीखालून रोज आत-बाहेर केल्यावर माणसाला काय होतं कोण जाणे. पहिल्याच आठवड्यात नाना काउंटरशी येऊन मला म्हणाले, "बाळ, चहा आधी तिकडे जातो. मला काही नाही त्याचं. पण रीत म्हणून काही असते की नाही?" मी मान हलवली. दुपारी उत्तमराव आले. "आम्ही मुलीकडचे, म्हणून पंखा आम्हाला जुना का? सांगून ठेवतो, आम्ही काही कमीपणा घेणार नाही." मी मान हलवली. कोण मुलगी, कुठली मुलगी, हे मीही विचारलं नाही आणि त्यांनाही ते आठवलं नाही.

आचारी रंगनाथ तोच. त्याला कमी माणसांचा स्वयंपाक यायचा नाही. त्याच्या हातात मोठाच झारा होता आणि मोठंच पातेलं. पहिले काही दिवस कारागीर मंडळी मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा आणि जिलबी खात होती, पुराने घर गेलेली माणसं, चेहरे सुकलेले, आणि समोर रांगेत केळीची पानं. रंगनाथ पंगतीतून फिरे आणि आग्रह करी, "घ्या हो, लग्नघरात लाजायचं नसतं." हिरामावशी डोंगराकडच्या, पेठ तालुक्यातल्या. त्या येताना फडक्यात नागलीची भाकरी आणि लसणाचं तिखट आणत आणि पानावर जिलबीशेजारी ठेवत. एक दिवस नानांनी ती भाकरी मागून घेतली, मग उत्तमरावांनी. शेवटी रंगनाथच म्हणाला, "मावशी, पीठ आणा, मी थापतो." मग त्याने इतक्या भाकऱ्या थापल्या की संध्याकाळी शेजारच्या सोसायटीत वाटाव्या लागल्या.

खरी अडचण आवाजाची होती. तांबं ठोकल्याशिवाय घडत नाही, आणि तबला कान लावल्याशिवाय सुरात लागत नाही. उत्तमराव तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडी मारून कान टेकवत, तेवढ्यात पलीकडून ठण्‌ठण्‌ सुरू होई. ते थांबत, तर नानाही थांबत, आणि यांनी पुन्हा कान टेकवला की पुन्हा ठण्‌. उत्तमरावांची खात्री झाली की हे मुद्दाम चाललंय. पंचांग उघडण्याखेरीज शिरसाठकाकांना तोडगा माहीत नव्हता. त्यांनी ठोकायचे आणि न ठोकायचे मुहूर्त काढले आणि माइकवरून पुकारायला सुरुवात केली. लग्नाच्याच आवाजात, शेवटचा स्वर लांबवत: "वरपक्षाला नम्र विनंती... कृपया हातोडे खाली ठेवावेत... वधूपक्षाचा तबला लागत आहे..." बाहेर रस्त्यावरून जाणारे लोक थबकत. एकदा तर दोन बायका जरीच्या साड्या नेसून आतच आल्या. पाकीट कुठे द्यायचं, असं विचारू लागल्या.

मग नाना रुसले. कारण असं घडलं की उत्तमराव हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "नानाच्या हातोड्यापेक्षा पूर बरा, तो एकदा येऊन गेला." नानांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि ते जेवायला आले नाहीत. काका घाबरे झाले. "वरपक्ष रुसला," ते बाबांना म्हणाले, "आता मुलीकडच्यांनी समजूत काढायला हवी." बाबा म्हणाले, "होऊन जाईल." उत्तमराव आधी भडकले. मग काकांनी त्यांच्या हातात रुमालाने झाकलेलं लाडवांचं ताट दिलं. ताट हातात आल्यावर माणसाला चालावंच लागतं. ते दाराशी जाऊन म्हणाले, "नाना, झालं गेलं. काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या." मग नानांचा आवाज आला, "लाडू कसले आहेत?" त्या दुपारी दोघं एकाच पानावर जेवले. नाना मधेच म्हणाले, "माझी ऐरण वाहून गेली रे." उत्तमराव म्हणाले, "ऐरण कशी वाहून जाईल? गाळाखाली असेल. शोधू." आणि दोघांनी जिलबी मागितली.

मंच हिरामावशींकडे होता, कारण मोठे पंखे तिथेच होते. पेठ-सुरगाण्याकडच्या गावांत बोहाडा होतो. देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून वाजंत्रीच्या तालावर नाचतात. कुठलं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. एका गावाने आपले सगळे मुखवटे रंगवून घ्यायला मावशींच्या नदीकाठच्या खोलीत आणून ठेवले होते. कागदाच्या लगद्याचे मुखवटे ते. पुराच्या पाण्यात त्यांचा पुन्हा लगदा झाला. मावशींच्या हाती लागला तो रावणाच्या मधल्या डोक्याचा एक डोळा. तो त्यांनी धुऊन कनवटीला ठेवला होता. गावाने त्यांना दोष दिला नाही, पण रावणाचं सोंग ज्यांच्या घरात, त्या काशिनाथबाबांनी निरोप पाठवला होता की दसरा झाला की बघायला येतो. रावण उभा राहिलेला दिसला तर सगळं काम तुझ्याकडे. नाहीतर शहरात फायबरचे मुखवटे तयार मिळतात, हलके असतात, पावसात भिजत नाहीत, तेच घेऊन टाकू. आणि एकदा फायबरचे गेले, की मावशींना मुखवटे कुणी कधी मागणार नव्हतं. रावण आधी का, असं मी विचारलं नव्हतं, पण मावशींनी सांगितलं, "रावण जमला तं बाकीचे देव लेकरावानी गुमान येतात."

त्यांना कागद हवा होता. आमच्या माळ्यावर लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असत. बुकिंग करणारे लोक छापून झाल्यावर एक गठ्ठा आमच्याकडे ठेवून जात आणि विसरत. मी ते खाली आणले, आणि त्यावर माझी शाळेची पुस्तकंही. मावशी म्हणाल्या, "बोलायचं नसंल तं नको बोलू. कागद फाड." इतकं सोयीचं बोलणं माझ्याशी तोवर कुणी केलं नव्हतं. मी रोज त्यांच्याजवळ बसून कागद फाडू लागले. पत्रिकांवरचं सोनेरी छापील काम पाण्यात सुटायचं नाही, म्हणून ते नखाने खरवडावं लागे. लगद्यात डिंक आणि कीड लागू नये म्हणून मेथीची पूड. हॉलला कितीतरी आठवडे मेथीचा वास होता. मला आजही मेथीच्या लाडवांचा डबा उघडला की आधी रावण आठवतो, मग बाळंतीण. दहा डोकी हळूहळू भरत गेली. कुणाच्या गालात 'चि. सौ. कां.' दिसे, कुणाच्या कपाळावर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', आणि डावीकडून तिसऱ्याच्या जबड्यात माझ्या भूगोलातली निफाडची द्राक्षं. तेवढ्या सगळ्या आमंत्रणांनी बनलेला दुसरा राक्षस जगात नसेल. कामट्यांचा सांगाडा सिंहासनाच्या पाठीला आवळलेला, सिंहासन मंचाला बोल्टने जखडलेलं, आणि दहाही डोकी वरच्या लोखंडी पायपाला सुतळ्यांनी ताणून धरलेली. "वाळंस्तोवर हात नाय लावायचा," मावशी म्हणत. "हालला की माना तडकल्या." आता दर चातुर्मासात आमचा हॉल कारागिरांचाच असतो, आणि ते माझं ऑफिसचं एक काम होऊन बसलंय. पण तेव्हा मला एवढंच कळत होतं की माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी तयार होतंय आणि त्यासाठी तोंड उघडावं लागत नाहीये.

दसरा झाला, परतीचा पाऊस लांबला, हवा दमट राहिली. शेवटचा थर चढवला तेव्हा लगदा हाताला गार लागत होता. त्याच संध्याकाळी जेवताना बाबा भाताशी चाळा करत म्हणाले, "उद्या एक छोटंसं लग्न आहे." मुलगा परदेशी निघाला होता, व्हिसा आला होता, आणि गुरुजींनी काढीव मुहूर्त काढून दिला होता. मुलाकडच्यांनी फोनवर विचारलं आणि बाबा म्हणाले होते, होऊन जाईल. आई म्हणाली, "आणि रावण?" बाबा म्हणाले, "पडदा लावू."

सकाळी गुलाबी साटिनचा पडदा रावणापुढे लागला. पडद्यापुढे नवरीची खुर्ची तेवढी राहिली. खरा वरपक्ष आला आणि खोलीच्या दाराशी अडला, कारण दारात नाना उभे होते. नवरदेवाचे मामा म्हणाले, "ही वरपक्षाची खोली ना?" नाना म्हणाले, "हो. आम्ही वरपक्ष." मामा म्हणाले, "म्हणजे? कुणाकडून?" नाना म्हणाले, "आम्ही श्रावणापासून आहोत. तुम्ही आज आलात." उत्तमराव आपल्या खोलीतून धावत आले आणि नानांच्या बाजूने भांडू लागले, हे पाहून काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी मामांनी नानांना आधी चहा दिला, आणि तेवढ्यावर नाना विरघळले. मंडळी हंड्यांच्या गराड्यात बसून तयार झाली. नवरदेवाने घागरीत पाहून भांग पाडला.

काशिनाथबाबा आणि त्यांचा पुतण्या नेमके तेव्हाच पोचले. दाराशी काकांनी त्यांना पाहुणे समजून दोघांना फेटे बांधले, हातात अक्षता दिल्या आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. त्यांनीही हरकत घेतली नाही, लग्नात हरकत कशाला घ्यायची. मावशी वाकून त्यांच्याशी बोलल्या. काशिनाथबाबा हळूच म्हणाले, "दहाच्या दहा हायेत?"

"हायेत. पण वली हायेत."

"फायबरचा बघून आलो येताना. लय हलका हाय." ते पडद्याकडे बघत राहिले. "दाव तं."

"लगीन होऊं द्या."

फेटे बांधायला दोन्ही हात लागतात म्हणून काकांनी माइक माझ्याकडे दिला होता. मी तो छातीशी धरून मंचाच्या पायरीशी उभी होते. लगदा वाळावा म्हणून पंखे चालू ठेवायलाच हवे होते. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला, आणि पंख्यांच्या वाऱ्यात गुलाबी पडदाही सुटून अलगद गुरुजींच्या डोक्यावर उतरला. नवराबायकोच्या मागे दहा तोंडांचा, ओला, पत्रिकांचा रावण सिंहासनावर बसलेला होता. मधल्या डोक्यात तो जुना धुतलेला डोळा होता. एका लहान मुलीने टाळ्या वाजवल्या.

वरमाई भल्या बाई होत्या. मुलगा दूर जाणार म्हणून सकाळपासून त्यांचे डोळे भरलेले होते. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या मुलाचं लग्न आहे की रामलीला? नवरदेवाच्या जागी रावण? उचला तो आधी." नवरदेव म्हणाला, "आई, राहू दे ना, मी उभा राहतो." त्या म्हणाल्या, "तू उभा राहणार आणि तो बसणार?" मंडपवाल्याची चार माणसं पुढे झाली. सांगाड्याला त्यांनी चारी बाजूंनी हात घातला, एकाने वरच्या सुतळीला कात्री लावली. मावशींनी मधल्या मानेखाली तळहात धरला, ताप आलेल्या पोराच्या मानेखाली धरतात तसा. पहिल्या रांगेत काशिनाथबाबा फेट्यासकट उठून उभे राहिले. एक सुतळी तुटली आणि टोकाचं डोकं किंचित झुकलं. त्याच्या गालावरून पाण्याचा एक ओघळ आला.

सगळ्यांनी माझ्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी ओठ उघडले आणि मला कळलं की आता ते काय म्हणणार. तेवढ्यात मी काहीतरी करायला हवं होतं, मान हलवून ते होण्यासारखं नव्हतं. माइक छातीशीच होता. तो चालू आहे हे मला माहीत नव्हतं. माझा आवाज मला आधी छतावरून ऐकू आला आणि मग घशातून.

"कात्री खाली ठेवा. रावण ओला आहे, तो उठणार नाही. नवरदेवाला मी दुसरी खुर्ची आणते."